कोबायाशी साचिको: पहिलं गाणं दहाव्या वर्षी, गाजलं ते पंचविसाव्या. एन्का गायक मधली पंधरा वर्षं खातो काय?

पितळी तांब्या

पोकेमॉनच्या पहिल्या सिनेमाच्या (१९९८) मूळ जपानी आवृत्तीत शेवटची नामावली सरकताना 'काझे तो इश्शो नी' हे संथ गाणं लागतं. 'वाऱ्याच्या सोबतीनं' असा अर्थ. गायिका कोबायाशी साचिको. बाई मूळच्या एन्कावाल्या (एन्का हा जपानी हळव्या गाण्यांचा एक प्रकार), आणि त्यांच्या कारकिर्दीच्या तारखा एका कागदावर मांडल्या तर हिशेब लागत नाही.

जन्म १९५३, निइगाता. पहिली रेकॉर्ड १९६४, म्हणजे वय वर्षं दहा. त्यानंतरचं खरं गाजलेलं गाणं थेट १९७९ मध्ये. तिथून २०११ पर्यंत एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीच्या ३१ डिसेंबरच्या 'कोहाकु उता गास्सेन' या लाल आणि पांढऱ्या चमूंतल्या गाण्यांच्या चुरशीत सलग ३३ वेळा हजेरी. २०१२ ला यादीतून नाव गायब. २०१४ मध्ये कॉमिकेट या हौशी मांगावाल्यांच्या (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) जत्रेत टेबल मांडून सीडी विकायला उभ्या. २०१५ ला पुन्हा कोहाकु.

म्हणून विचारतो. १९६४ ते १९७९ एन्का गायकाचं पोट कशावर चालतं? १९७९ चं 'ओमोइदे-झाके' (आठवणींची साके) मुळात रेकॉर्डच्या बी बाजूला होतं असं दिसतं, मग ते वर आलं कसं? सीड्या इतक्या कमी खपत असताना ही मंडळी एकेका गाण्यावर तीस-चाळीस वर्षं काढतात, तो पैसा येतो कुठून? आणि गळ्यातली ती गिरकी, कोबुशी, ती आपली मुरकीच ना?

'शोधा, सापडेल' असे प्रतिसाद कृपया नकोत. शोधूनच इथे आलोय.

---

घाटमाथा

एन्कात पहिली रेकॉर्ड निघणं म्हणजे नेमणूकपत्र मिळणं. पगार, बढती, कायम होणं यातलं काहीही त्यात लिहिलेलं नसतं.

१९६३ मध्ये टीबीएस वाहिनीवर गाजलेल्या गायकांची नक्कल करायची स्पर्धा होती, ती साचिकोनं जिंकली. परीक्षकांत कोगा मासाओ होते. १९३० च्या दशकापासून या वळणाची गाणी बांधणारा हा माणूस. त्यांचीच चाल असलेलं 'उसोत्सुकी कामोमे' (लबाड कुरव) पुढच्या वर्षी निप्पॉन कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं काढलं आणि ते चाललंही. दहा वर्षांच्या पोरीवर कंपनीनं पैसे लावले याचं कारण मिसोरा हिबारी. हिबारीनं १९४९ मध्ये, बाराव्या वर्षी, याच कोलंबियात सुरुवात केली आणि मोठ्यांच्या थाटात गाणारी लहान मुलगी म्हणून देश डोक्यावर घेतला. त्यानंतर प्रत्येक कंपनीला आपापली हिबारी हवी होती.

हा साचा हिबारीला बसला, बाकीच्यांना नाही. बिघडतं ते चौदा-पंधराव्या वर्षी. लहान मुलगी मोठ्या बाईसारखी गाते यातलं नवल मुलगी मोठी झाली की संपतं, आणि आवाज तर अजून ठरायचाच असतो. कंपनी अधूनमधून एखादं गाणं काढते, ते पडतं, मग गायिका कंपनी बदलते. साचिकोच्या मधल्या वर्षांची गोष्ट हीच.

पोट कशावर, तर कॅबरेवर. हिंदी सिनेमातला हेलनचा नाच डोळ्यांपुढे आणू नका. साठ-सत्तरच्या दशकांत जपानच्या प्रत्येक बऱ्या शहरात असा मोठा हॉल असायचा: टेबलं, दारू, गिऱ्हाइकांजवळ बसणाऱ्या मुली आणि हॉलचा स्वतःचा पगारी बँड. गायक दोन बॅगा घेऊन जायचा, एक पोशाखाची, एक कागदांची. दुसरी जास्त मोलाची. तिच्यात प्रत्येक गाण्याचे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, पियानो, गिटार, बास, ड्रम असे वेगवेगळे कागद, सगळे आपल्या पट्टीत उतरवून घेतलेले. बँडबरोबर एक धावती तालीम, की रात्री खेळ. एका वाद्याचा कागद जरी जुन्या पट्टीतला राहिला तर पहिल्याच ओळीत बोंब, आणि समोर प्यायलेलं गिऱ्हाईक. गाणं गाजलेलं नसेल तर लोक तुमचं नाव विचारत नाहीत, दुसऱ्यांची चालू गाणी मागतात. त्यामुळे या पंधरा वर्षांत गायकाकडे इतरांचीच शे-दोनशे गाणी तयार होतात. पुढे तेच भांडवल.

आता बी बाजू. जपानात 'युसेन' नावाची सोय आहे, तारेवरून बार, उपाहारगृहं, सलून यांच्यापर्यंत गाणी पोचवणारी. ओसाकात १९६१ पासून. गिऱ्हाईक किंवा बारची मालकीण युसेनच्या कचेरीत फोन करून गाणं मागायची, तिथला माणूस रेकॉर्ड शोधून सुईखाली ठेवायचा आणि मागण्यांची मोजदाद व्हायची. रेडिओवर कंपनी ए बाजू रेटते. युसेनला मात्र ए-बी काही नसतं, तिथं फक्त कोण काय मागतंय ते. 'ओमोइदे-झाके'ची मागणी तिथून वाढली आणि कंपनीनं बाजू उलटवल्या. त्याच वर्षी जपान रेकॉर्ड पुरस्कारात सर्वोत्कृष्ट गायनाचा मान आणि पहिलं कोहाकु.

म्हणूनच कंपनीची माणसं गावोगावच्या युसेन कचेऱ्यांत नवीन रेकॉर्ड आणि मिठाईचा डबा घेऊन फिरायची. आपल्याच लोकांना फोन करायला लावून आकडा फुगवता येतो, पण तेवढ्यापुरताच. बारमधल्या माणसानं ते गाणं स्वतः गुणगुणायला घेतलं नाही, तर फोन थांबले की गाणंही थांबतं.

---

शून्य प्रहर

वरच्या प्रतिसादाला पुस्ती. पंधरा वर्षं हा अपवाद नाही. या धंद्यात दोनदा, तीनदा पदार्पण करण्याची रीतच आहे.

इत्सुकी हिरोशीचं बघा. १९६५ मध्ये मात्सुयामा मासारु या नावानं सुरुवात. नाही चाललं. मग इचिजो एइइची. नाही चाललं. मग मितानी केन. तेही नाही. १९७० मध्ये योमिउरी टीव्हीवर एक स्पर्धा सुरू झाली, तिच्यात हौशी लोकांबरोबर धंदेवाईक गायकांनाही उतरता यायचं. सलग दहा आठवडे जिंकायचं. रेकॉर्ड निघालेला माणूस नवशिक्यासमोर हरला तर उरलंसुरलं नावही जाणार, हा धोका पत्करून तो उतरला आणि दहा आठवडे काढले. १९७१ मध्ये चौथं नाव, 'योकोहामा तासोगारे', आणि त्या वर्षापासून २०२० पर्यंत सलग ५० कोहाकु. याशिरो आकीसुद्धा त्याच स्पर्धेतून वर आली.

नाव बदलण्यामागे शुभाशुभ थोडं असतं, व्यवहार जास्त. पडलेल्या गायकाची रेकॉर्ड दुकानदार पुन्हा मागवत नाही. नवीन नाव घेतलं की तो नवा माल ठरतो.

दुसरा रस्ता 'उचिदेशी', म्हणजे गुरूच्या घरी राहून शिकणं. इथे गुरू गायक नसतो, संगीतकार असतो, हे लक्षात घ्या. तोबा इचिरो तीन वर्षं फुनामुरा तोरुंच्या घरी होता, मग १९८२ मध्ये 'क्योदाई-बुने'. साकामोतो फुयुमी इनोमाता कोशोंच्या घरी राहिली आणि १९८७ मध्ये 'आबारे-दाइको'नं पुढे आली. काम काय? झाडलोट, स्वयंपाक, गाडी, कुत्रं फिरवणं, पाहुण्यांची सरबराई. रोज समोर बसवून शिकवणी होईल असं नाही. गुरू पियानोवर चाल जुळवत असतो तेव्हा शेजारच्या खोलीत भांडी घासता घासता कान तयार होतो. गंडा बांधून शिकलेल्यांच्या कहाण्या माहीत असतील त्यांना हे नवीन नाही. फरक इतकाच की इथे शेवटी गुरू स्वतःची चाल देतो आणि कंपनीशी बोलणीही तोच करून देतो. गुरूकडे द्यायला चाल नसेल, किंवा कंपनीत त्याचं वजन उरलं नसेल, तर शिष्य भांडीच घासत राहतो.

तिसरा रस्ता हौशी स्पर्धांचा. जेरो हे ताजं उदाहरण: पिट्सबर्गचा आफ्रिकन-अमेरिकन मुलगा, आजी जपानी, गाणी तिच्याकडून आलेली. २००३ मध्ये जपानला आला, एनएचकेच्या हौशी स्पर्धेत गायला, कंपनीनं आणखी दोन वर्षं आवाजावर काम करून घेतलं आणि फेब्रुवारी २००८ मध्ये 'उमियुकी' काढलं. ओरिकॉन या रेकॉर्ड-विक्रीच्या यादीत पहिल्याच आठवड्यात चौथा क्रमांक, त्याच वर्षी कोहाकु. दहा वर्षांनी त्यानं गाणं थांबवलं आणि संगणकाच्या नोकरीत गेला. पहिलंच गाणं एवढं मोठं झालं की दुसऱ्या गाण्याचं अवघड होतं, हा धोका पडलेल्या पदार्पणापेक्षा कमी नाही.

---

जुनी वही

छान धागा. थोडक्यात एन्का म्हणजे जपानचं नाट्यसंगीत, शेकडो वर्षांची परंपरा, म्हणून तर गुरुगृही राहणं वगैरे.

---

मंद्र सप्तक

जुनी वही, नाही हो. किमोनो बघून तसं वाटतं खरं.

'एन्का' हा शब्द १८८० च्या दशकातला. तेव्हा सरकारविरोधी भाषणांवर बंदी यायची, म्हणून भाषण गाण्यातून करायचं. 'एन्झेत्सु' म्हणजे भाषण, 'का' म्हणजे गाणं. आज आपण जिला एन्का म्हणतो तिला ते नाव १९६० च्या दशकाच्या अखेरीस चिकटलं. गायिका फुजी केइको आली तेव्हा ते घट्ट झालं. तिचे पहिले दोन अल्बम १९७० मध्ये एकामागून एक मिळून सलग ३७ आठवडे विक्रीच्या यादीत पहिले होते. वाद्यमेळ सॅक्सोफोन, इलेक्ट्रिक गिटार आणि व्हायोलिनांचा. शामिसेन हे जपानी तंतुवाद्य आणि शाकुहाची ही बासरी चवीपुरती. खुद्द कोगा मासाओ मेइजी विद्यापीठाच्या मँडोलिन क्लबातून आलेले. जुनं काही असेल तर ते गळ्यात आहे: मिन्यो ही लोकगीतं आणि रोक्योकु हे शामिसेनच्या साथीचं कथागायन. मिनामी हारुओ आणि मुराता हिदेओ दोघेही आधी रोक्योकुवाले.

आता कोबुशी. पितळी तांब्या, मुरकी जवळची आहे, पण मुरकी समजून गायलात तर चुकेल.

आधी सूर. एन्काचा आवडता सप्तक 'योनानुकी'. 'यो' म्हणजे चार, 'ना' म्हणजे सात, 'नुकी' म्हणजे काढलेले. मध्यम आणि निषाद वर्ज्य. मोठा योनानुकी सा रे ग प ध, म्हणजे सरळ भूपाचे सूर. दुःखी गाण्यांना छोटा योनानुकी: सा रे, कोमल ग, प, कोमल ध. शिवरंजनीचा धैवत कोमल केलात की झाला. पेटीवर सा पांढरी सहा धरा. मग सहा, सात, वरची एक, तीन, चार, सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या. मध्यम-निषाद पूर्ण हद्दपार नसतात, वाद्यांत आणि मधल्या चढत्या भागात ते येतात. वस्तीचे सूर मात्र हे पाच.

कोबुशी म्हणजे एका अक्षराच्या स्वरात मारलेली एक झटक्याची गाठ. 'नामिदा' (अश्रू) हा शब्द घ्या, 'दा' पंचमावर आहे असं धरा. 'दा'चा 'आ' पंचमावर टेकतो, कोमल धैवताला शिवतो, परत पंचम, खाली कोमल गंधाराला शिवतो, परत पंचम. पाच ठिकाणं, पण वेळ एका अक्षराहून कमी. वर-खालचे सूर सप्तकातलेच, म्हणून खालची उडी मोठी पडते, मध्यम वाटेत नाहीच. आपली सवय इथे घात करते. आपण पंचमावरून गंधाराला मींडेनं येतो, तेल ओतल्यासारखं. कोबुशीत प्रत्येक सुराला कडा हवी. जबडा हलवायचा नाही, काम घशाच्या खालच्या भागाचं आणि पोटाच्या हलक्या धक्क्याचं.

सराव निम्म्या लयीत करा. पाच सूर मोजून, प्रत्येकाला सारखा वेळ, 'आ'मध्ये. पाचही सूर स्वच्छ लागले तरच लय वाढवा. लय वाढली आणि सूर एकमेकांत मिसळून नुसतं थरथरायला लागलं, तर ती कोबुशी राहिली नाही, कंप झाला. कंपाची जागा वेगळी आहे: ओळीच्या शेवटचा लांब सूर आधी काठीसारखा सरळ धरायचा आणि उत्तरार्धात हळू, रुंद हलवायचा. आरंभापासून हलवणारा गायक तिथे कच्चा समजतात.

संख्येचंही बघा. एका ओळीत एक, फार तर दोन. प्रत्येक अक्षरावर गाठी मारल्या की कपडा फाटतो. 'डॅम' या नावाच्या कराओके यंत्रात गुणांकन लावलं की कोबुशी, कंप, खालून उचललेला सूर यांची मोजदाद पडद्यावर दिसते, आणि हौशी लोक आकडा वाढवायला वाट्टेल तिथे गिरक्या घेतात.

'तामे' नावाची आणखी एक चीज आहे: शब्द ठोक्याच्या किंचित मागून सोडायचा. आपल्याकडे ठुमरीत शब्द रेंगाळतो, तबलजी सांभाळून घेतो. इथे बँड थांबत नाही, कराओके तर नाहीच नाही. मागे राहिलेला वेळ त्याच ओळीत शेवटची दोन-तीन अक्षरं आवळून भरून काढायचा. तो हिशेब जमला नाही तर दुसऱ्या ओळीपर्यंत अख्खी मात्रा मागे पडता. गायिका मियाको हारुमीची ती घशातून गुरगुर, 'उनारी', तिच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका, घसा बसेल.

शेवटचं, उच्चार. शब्दाच्या मधला 'ग' जुन्या वळणाचे गायक नाकातून काढतात, म्हणजे 'कागामी' (आरसा) ऐकू येतं 'काङामी'. शब्दारंभीचा 'ग' मात्र स्वच्छ. ङ आपल्या वर्णमालेत बिनकामाचा पडून असतो, तो इथे वापरा.

---

पितळी तांब्या

मंद्र सप्तक, जबरदस्त. एक शंका. पेटीवर ते पाच सूर बरोबर वाजतात, पण ओळ म्हणायला गेलं की भावगीत होतं. एन्का होत नाही. कुठे चुकत असेल?

---

मंद्र सप्तक

अक्षरांच्या मोजणीत. आपण लघु-गुरू मोजतो. जपानीत प्रत्येक 'मोरा' सारखा. 'एन्का' आपल्या कानाला दोन अक्षरं, त्यांना तीन: ए, न, का. तो सुटा 'न' पूर्ण एक जागा घेतो, त्याच्यावर सूरही येतो. एन्काच्या ओळी बहुतेक सात-पाच मोरांच्या. सात अधिक पाच बोटांवर मोजून आधी नुसतं सपाट बोला, मग गा. 'न' गिळलात की ओळ आखूड होते, आणि ती भरायला आपण नकळत मींड घालतो. भावगीत तिथून येतं.

---

खर्डेघाशा

पैशाचा प्रश्न राहिलाच.

लोकांचा समज असा की कराओकेत गाणं चाललं की गायक श्रीमंत. साफ चूक. यंत्रातला वाद्यमेळ बहुधा नव्यानं बनवलेला असतो, गायकाचं ध्वनिमुद्रण त्यात नसतंच. हक्काचे पैसे जास्राक या संस्थेमार्फत गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकाकडे जातात. गायकाला त्यातून मिळते ती ओळख. साठीची बाई दर आठवड्याला तुमचं गाणं म्हणत असेल, तर तुम्ही गावात आलात की ती तिकीट काढणार.

म्हणून गाणं बांधतानाच हौशी गळ्याचा विचार होतो. पट्टा दीड सप्तकाच्या आत, तीन कडवी, चाल तीच, श्वासाला जागा. आणि सीडी बघा: एक मुख्य गाणं, एक जोडगाणं, मग त्याच दोन्हींचे नुसते वाद्यमेळ, सोबत शब्द आणि बऱ्याचदा चालीची स्वरलिपी. किंमत साधारण १२०० ते १५०० येन. ऐकायची वस्तू कमी, गृहपाठाचं साहित्य जास्त. बऱ्याच एन्का गाण्यांची कॅसेटही निघते, ए बाजूला गाणी, बी बाजूला वाद्यमेळ. त्यात हळवेपणा नाही. एकच ओळ वीसदा मागे घेऊन ऐकायला कॅसेट सोयीची, आणि वयस्कर गिऱ्हाइकाकडे ते यंत्र अजून चालू आहे.

बहुतेक गायक वर्षाला एकच मोठं गाणं काढतात आणि वर्षभर तेच घेऊन फिरतात. पॉपमध्ये पहिल्या आठवड्याचा आकडा महत्त्वाचा, इथे शेपटी लांब. मध्येच विक्री मंदावली की तेच गाणं नवीन मुखपृष्ठ आणि वेगळं जोडगाणं घालून पुन्हा बाजारात. हिकावा कियोशीच्या गाण्यांच्या अशा कितीतरी आवृत्त्या सापडतील. चाहते प्रत्येक आवृत्ती घेतात, त्यामुळे यादीतल्या आकड्यावरून ऐकणाऱ्यांची डोकी मोजू नका.

फिरणं म्हणजे काय, तर बाजारपेठेतल्या रेकॉर्डच्या दुकानापुढे बिअरचा क्रेट उलटा टाकायचा, त्यावर उभं राहायचं, वाद्यमेळ लावून दोन-तीन गाणी, मग टेबलामागे बसून सही आणि हस्तांदोलन. रात्री छोट्या बारमध्ये तेच. पाऊस आला की संपलं. नवा गायक किमोनोत असेल तर क्रेटवर चढताना एक माणूस हात द्यायला लागतो. पोरींच्या पहिल्या वर्षाच्या छायाचित्रांत तो हात हमखास दिसतो. जुनरेत्सु या मंडळाचं नाव तर 'आरोग्य केंद्रं' आणि मोठ्या सार्वजनिक स्नानगृहांच्या हॉलमध्ये गाऊन झालं. २०१० ला पदार्पण, २०१८ ला कोहाकु.

खरी मिळकत वरच्या मजल्यावर. हॉटेलातलं जेवण-गाणं, मोठ्या नावाचं असेल तर माणशी तीस-चाळीस हजार येनच्या घरात. चाहता मंडळाच्या सहली. आणि 'झाचो कोएन', म्हणजे गायकानं स्वतःच्या नावावर घेतलेला महिनाभराचा नाट्यप्रयोग: पहिल्या अंकात ऐतिहासिक नाटक, नायक किंवा नायिका तोच गायक, दुसऱ्या अंकात गाणी. त्याची नाट्यगृहं म्हणजे मेइजी-झा, ओसाकाचं शिन काबुकिझा, आणि २००८ अखेर बंद पडेपर्यंत शिंजुकूचं कोमा. कितीतरी दिवस दोन-दोन खेळ. ज्याच्या नावावर महिनाभर खुर्च्या भरतात तो पहिल्या फळीचा, सीडी खपो न खपो. आता अख्खा महिना भरणारे हाताच्या बोटांवर, प्रयोग आठवड्या-दोन आठवड्यांवर आले आहेत.

गावाचं नाव गाण्यात घालणं हा आणखी एक पक्का उद्योग. मिझुमोरी काओरी २००३ च्या 'तोत्तोरी साक्यू'पासून दर वर्षी जणू एक गाव घेते. नगरपालिका सत्कार करते, पर्यटनदूत नेमते, स्टेशनवर फलक लागतो. इशिकावा सायुरीचं १९७७ चं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' ज्या बोटीवर घडतं ती आओमोरी-हाकोदाते रेल्वेची फेरी १९८८ मध्ये बोगदा सुरू झाला तेव्हा बंद झाली. गाणं चालूच. तात्पी भूशिरावर त्याचा दगडी स्मारकफलक आहे, बटण दाबलं की वाऱ्यातून ते मोठ्यानं वाजतं.

---

घाटमाथा

कोहाकुचं मी लिहितो, कारण साचिकोची उरलेली कथा तिथेच आहे.

एनएचके निवडीचे तीन निकष सांगते: त्या वर्षीची कामगिरी, लोकांचा कौल, आणि कार्यक्रमाच्या मांडणीत बसणं. नावं नोव्हेंबरात जाहीर होतात. तिसरा निकष रबरासारखा आहे, आणि साचिकोनं नेमका तोच पकडला. तिची गाणी दर वर्षी गाजत नव्हती, पण तिच्याशिवाय कार्यक्रम फिका वाटेल अशी सोय तिनं केली: पोशाख. नंतरच्या वर्षांत तो पोशाख राहिलाच नाही, रंगमंचावरचं यंत्र झालं. आत उचलक, वर ती, खाली पंख, दिवे, पडदे. गायक मिकावा केन्इचीबरोबर पोशाखांची चुरस हा वेगळाच खेळ. तरुण पोरांनी तिला व्हिडिओ गेममधली 'शेवटची राक्षसीण' म्हणायला सुरुवात केली ती यातूनच.

२३ ऑक्टोबर २००४ ला निइगातात मोठा भूकंप झाला. तिचं माहेरच ते. त्या वर्षी तिनं यंत्र बाजूला ठेवलं आणि निइगाताच्या फुलावरचं 'युकित्सुबाकी' (१९८७, चाल एन्दो मिनोरुंची) साधेपणानं गायली. तिच्या ३३ वेळांतली माझ्या मते ती सर्वांत मोठी.

२०१२ मध्ये तिचं कामकाज बघणाऱ्या जुन्या कार्यालयाशी बेबनाव झाला. बातम्या रंगल्या, आणि त्या वर्षीचं गाणं तिला स्वतःच्या लेबलवर काढावं लागलं. या धंद्यात गायक एकटा नसतो. दूरचित्रवाणी, नाट्यगृहं, कंपनी हे सगळे धागे कार्यालयातून जातात. ते तुटले की आवाज शाबूत असून दारं बंद होतात. नोव्हेंबरच्या यादीत नाव नव्हतं.

पुढचं तिनं अचूक केलं. एन्काच्या दारांवर ठोकत बसली नाही. तिला 'राक्षसीण' म्हणणारी पोरं निकोनिको या व्हिडिओ संकेतस्थळावर होती, तिथे ती गेली आणि संगणकी आवाजांसाठी रचलेली गाणी गाऊ लागली. ऑगस्ट २०१४, तोक्यो बिग साइट, कॉमिकेट. टेबलाचं नाव '५८८४ मंडळी'. जपानी आकडे शब्दासारखे वाचता येतात: को, बा, या, शी. १५०० सीड्या आणल्या होत्या, सगळ्या संपल्या. २०१५ च्या कोहाकुत विशेष पाहुणी म्हणून, लाल-पांढऱ्या चुरशीबाहेर, अशाच गाण्यांतलं 'सेन्बोनझाकुरा'. मागच्या पडद्यावर निकोनिकोच्या प्रेक्षकांच्या ओळी धावत होत्या.

आणि हे सगळं पेलायला ती कॅबरेतली पंधरा वर्षं उपयोगी पडली. दुसऱ्याचं गाणं, अनोळखी लय, समोर आपल्यासाठी न आलेली गर्दी. तिला ते विशीतच पाठ होतं.

---

पितळी तांब्या

सगळ्यांचे आभार. आता ऐकायचा क्रम सांगा.

---

मंद्र सप्तक

आधी 'उसोत्सुकी कामोमे' आणि लगेच 'ओमोइदे-झाके'. दोन्हींत ओळीचा शेवटचा सूर ऐका. मग 'युकित्सुबाकी', दोनदा. दुसऱ्यांदा फक्त ङ मोजा. 'काझे तो इश्शो नी' त्यानंतर, म्हणजे एन्काचा गळा एन्का नसलेल्या गाण्यात किती आवरून धरलाय ते कळेल. 'सेन्बोनझाकुरा' शेवटी. ते फार जलद आहे, कोबुशीला जागाच नाही, तरी एक-दोन ठिकाणी ती घुसवते. कुठे ते शोधून इथे मिनिट-सेकंदांसह लिहा, मग पुढचं बोलू.